शेवटची बस सव्वादहाची, विमान पावणेअकराचं

रात्री ११ वाजून १० मिनिटांनी आम्ही विमानतळाच्या दारातून बाहेर आलो, तेव्हा समोर एकही गाडी नव्हती. व्हीलचेअर आणणाऱ्या मुलाने काकांना हात देऊन उठवलं आणि खुर्ची आत नेली, कारण आत आवराआवर सुरू झाली होती. काका दाराशेजारच्या दगडी कट्ट्यावर बसले, काठी मांडीवर आडवी ठेवली. चार पावलांवर एका खांबाला बसचं वेळापत्रक लावलेलं होतं. शेवटची ओळ २२:१५.

काकांनी चष्मा वर करून ती वाचली आणि विचारलं, "अगं, प्रत्येक विमानाला जोडून बस आहे म्हणाली होतीस ना?"

म्हणाले होते. विमानतळाच्या माहितीत तसंच लिहिलं होतं आणि मी त्यावर विसंबले. घरातल्या सगळ्यांचे प्रवास बरीच वर्षं मीच आखते. तरीही एका छोट्या विमानतळावर ७४ वर्षांच्या माणसाला रात्री उघड्यावर बसायची वेळ माझ्यामुळे आली. परत आल्यावर तो प्रवास मी तासातासाने कागदावर मांडला. हे लेखन त्यातूनच आलं आहे. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. जिथे दिवसाला दोन-चार विमानं येतात आणि गाव दूर आहे, अशा कुठल्याही विमानतळावर हेच घडू शकतं.

आखणी काय होती

काकांचा गुडघा बदलून चार महिने झाले होते आणि दुखणं कमी होत नव्हतं. एका तज्ज्ञांचं मत घ्यायचं होतं, त्यांची वेळ दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊची. त्या गावाला दिवसाला दोन विमानं, एक दुपारी १:१० ला पोहोचणारं आणि एक रात्री ९:४० ला. दुपारचं घेतलं तर काकांना पहाटे पाचला घर सोडावं लागलं असतं. त्यांना त्रास नको म्हणून मी रात्रीचं घेतलं. विमानतळापासून गाव ३८ किलोमीटर. बस सव्वादहाला, तासाभरात गावात, सव्वाअकरापर्यंत खोलीत. उतरल्यापासून बसपर्यंत ३५ मिनिटं हातात राहत होती. विमानाच्या वेळापत्रकात पोहोचण्याची जी वेळ छापतात ती चाकं जमिनीला टेकण्याची नसते. विमान आपल्या जागी येऊन उभं राहण्याची असते. म्हणजे ती ३५ मिनिटं खरोखरच पूर्ण हातात होती, आणि छोट्या विमानतळावर तेवढी भरपूर होतात. सामानाचा पट्टा एकच, चालणं शंभर-दीडशे पावलं.

या आखणीत एक गृहीतक होतं आणि ते गृहीतक आहे हेच मला दिसलं नव्हतं: विमान वेळेवर येईल. मोठ्या विमानतळावर एवढं गृहीतक निभावून जातं. विमान तासभर उशिरा आलं तरी पुढची बस असते, टॅक्सींची रांग असते, मेट्रो असते. गाड्या तिथे माणसांची वाट पाहत उभ्या असतात. छोट्या विमानतळावर माणूस येणार आहे हे कुणाला माहीत असेल तरच गाडी असते. साठ माणसांच्या एका विमानासाठी कुणी टॅक्सीवाला ३८ किलोमीटर येऊन नुसता उभा राहत नाही.

त्या रात्री

उशिराची सूचना निघायच्या विमानतळावर रात्री ८:०५ ला फलकावर आली. साडेआठचं विमान साडेनऊला निघणार होतं. ही वेळ लक्षात ठेवा, कारण सगळ्या प्रकरणात महत्त्वाची वेळ हीच आहे.

विमान एटीआर ७२ होतं, पंख्यांचं, सत्तरएक आसनांचं. प्रादेशिक मार्गांवर ते बऱ्याचदा दिसतं. काकांना पटकन उतरता यावं म्हणून मी हौसेने दुसऱ्या रांगेतल्या जागा घेतल्या होत्या. एटीआरमध्ये प्रवाशांचं दार मागे असतं; पुढच्या बाजूला सामानाचा कप्पा. मागच्या रांगा आधी उतरतात, पुढच्या शेवटी. हे मला चढताना कळलं. तेव्हा काकांना काठी टेकत अख्ख्या अरुंद वाटेने पुढपर्यंत जावं लागलं.

विमान १०:४२ ला जागेवर उभं राहिलं. माणसं मागून भराभर उतरली. आम्ही दुसऱ्या रांगेत, त्यात व्हीलचेअरची मदत मागितलेली. मदत मागितलेल्या प्रवाशांना साधारणपणे सगळ्यांत शेवटी उतरवतात, म्हणजे त्यांच्यामागे खोळंबा होत नाही आणि त्यांच्यावर घाईही येत नाही. नियम योग्य आहे. पण त्याचा एक परिणाम मी कधी विचारात घेतला नव्हता: ज्यांना गाडीची सगळ्यात जास्त गरज असते, ते गाडीपर्यंत सगळ्यात उशिरा पोहोचतात. आम्ही बाहेर आलो तोवर २८ मिनिटं गेली होती. दोन टॅक्सी उभ्या होत्या म्हणे. पहिल्या पाच मिनिटांत गेल्या. बाकीच्यांना घ्यायला घरची माणसं आली होती. पार्किंगमधला शेवटचा दिवा ओलांडून एक गाडी वळली, तिचे मागचे लाल दिवे काका आणि मी दोघंही बघत राहिलो.

मी फोनवर टॅक्सीचं ॲप उघडलं. गोल फिरत राहिला. सगळ्यात जवळची गाडी गावात होती आणि रात्रीच्या त्या वेळी ३८ किलोमीटर रिकामं यायला कुणी हो म्हणत नव्हतं. एकाने भाडं घेतलं आणि दोन मिनिटांत रद्द केलं. मला तेव्हा त्याचा राग आला. आता येत नाही, का ते पुढे सांगते.

आतले दिवे एकेक करून मालवत होते. दाराला कुलूप लावायला आलेल्या पहारेकऱ्याने काकांकडे पाहिलं आणि थांबला. "ताई, कुणी येणार आहे का घ्यायला?" मी नाही म्हटलं. त्याने खिशातून छोटी वही काढली. विमानतळापासून ६ किलोमीटरवर एक खेडं आहे, तिथे एकाची टॅक्सी आहे. पहारेकऱ्याने स्वतःच्या फोनवरून त्याला उठवलं. ११:२० ला फोन झाला, ११:४५ ला गाडी आली. तेवढा वेळ पहारेकरी दार अर्धवट उघडं ठेवून आमच्यासोबत उभा राहिला, त्याची ड्यूटी संपलेली असताना. त्याचे आभार मी तेव्हा धड मानले नाहीत, म्हणून इथे मानते.

गाडीत बसल्यावर टॅक्सीवाले दादा म्हणाले, "आधी एक फोन केला असतात, तर मी इथंच उभा राहिलो असतो."

१२:४० ला आम्ही खोलीवर पोहोचलो. ठरल्यापेक्षा ८५ मिनिटं उशिरा. त्यातली ६२ विमानाची, म्हणजे जमिनीवर फक्त २३ मिनिटं जास्त गेली. कागदावर हा आकडा किरकोळ दिसतो, आणि तसा तो आहेच. पण ती २३ मिनिटं एका पहारेकऱ्याच्या वहीवर अवलंबून होती. वही नसती तर गावातून कुणी तरी यायला तयार होईपर्यंत आम्ही त्या कट्ट्यावर किती वेळ बसलो असतो, याचा हिशेब मला करता येत नाही.

कुठे काय चुकलं

पहिल्यांदा मला बसवाल्यांचा राग होता. दुसऱ्या दिवशी मी बसच्या डेपोत फोन केला. तिथल्या माणसाने शांतपणे सांगितलं: ती बस पुढे गावातल्या रेल्वे स्थानकावर जाते, रात्रीची शेवटची गाडी ११:२० ची आणि ती पकडणारे लोक त्या बसवर अवलंबून असतात. चालकाची ड्यूटीही तिथेच संपते. त्या रात्री बसमध्ये विमानतळावरचे दोन कर्मचारी होते आणि वाटेत आणखी काही जण चढले. बस आमच्यासाठी तास-सव्वातास थांबली असती तर त्या लोकांची गाडी चुकली असती. मला त्यांचं म्हणणं पटलं.

"विमानाला जोडून बस" या शब्दांत दोन वेगवेगळ्या गोष्टी लपलेल्या असतात. एक बस घड्याळाला बांधलेली असते, दुसरी विमानाला. आइसलँडमध्ये केफ्लाविक विमानतळ राजधानी रेक्याविकपासून सुमारे ५० किलोमीटर आहे. तिथली फ्लायबस विमान उतरल्यानंतर अर्ध्या-पाऊण तासाने निघते, विमान रात्री कितीही वाजता उतरो. ती विमानाला बांधलेली. उलट नॉर्वेतल्या तोर्प विमानतळाची छोटी बस ३ किलोमीटरवरच्या रेल्वे स्थानकापर्यंत जाते आणि ती रेल्वेगाड्यांच्या वेळा सांभाळते. दोन्ही व्यवस्था चांगल्या आहेत. फरक एवढाच की विमान उशिरा आलं तर एकीत तुम्ही सुरक्षित असता आणि दुसरीत नसता. माहितीपत्रकावर दोन्ही सारख्याच दिसतात. फोन करून एकच प्रश्न विचारायचा असतो: "विमानाला उशीर झाला तर बस थांबते का, आणि किती वेळ?" मी विचारला नव्हता.

अंतराचंही तसंच. विमानतळाच्या नावात गावाचं नाव असतं म्हणून तो गावात असतो असं नाही. फ्रँकफर्ट-हान विमानतळ फ्रँकफर्टपासून सुमारे १२० किलोमीटर आहे, स्टॉकहोम-स्काव्स्टा स्टॉकहोमपासून सुमारे १००, पॅरिसच्या नावाने तिकीट विकलं जाणारं बोवे जवळपास ८५. यातले हान आणि स्काव्स्टा मुळात लष्करी विमानतळ; लष्कर गेलं, धावपट्टी राहिली, तिच्यावर नागरी विमानं उतरू लागली. धावपट्टी जिथे होती तिथेच राहिली, शहर काही तिच्याकडे सरकलं नाही. म्हणून तिकिटावरच्या नावापेक्षा नकाशावरचा ठिपका पाहायचा, आणि अंतर किलोमीटरमध्ये न मोजता रात्रीच्या वेळी मिळणाऱ्या वाहनांमध्ये मोजायचं. ३८ किलोमीटर दुपारी काहीच नाहीत.

आता शेवटच्या विमानाबद्दल. रात्रीचं विमान आरामाचं म्हणून मी घेतलं, आणि तिथेच पहिली चूक झाली. प्रादेशिक मार्गावरचं छोटं विमान दिवसभर एका गावाहून दुसऱ्या गावाला फेऱ्या मारत असतं. सकाळी कुठे तरी वीस मिनिटं गेली की ती पुढच्या फेरीत जातात, तिथून त्याच्या पुढच्या. मधे भरून काढायला जागा नसते, कारण दोन फेऱ्यांमध्ये विमान जेमतेम अर्धा तास उभं असतं. युरोपातल्या हवाई वाहतुकीचे अहवाल काढणाऱ्या युरोकंट्रोलच्या आकड्यांत एकूण उशिराचा जवळपास निम्मा वाटा या मागून आलेल्या उशिराचाच असतो. आमचं विमान त्या दिवशीची सहावी फेरी करत होतं. मागोवा घेणाऱ्या संकेतस्थळावर नंतर पाहिलं तर दुपारपासूनच ते मागे पडत चाललं होतं. म्हणजे दिवसातलं शेवटचं विमान उशिरा येण्याची शक्यता सगळ्यात जास्त, आणि नेमकी त्याच विमानानंतर रस्त्यावर काहीच उरत नाही. दोन्ही अडचणी एकाच वेळी गाठतात.

आणि विमानतळ एवढ्या लवकर अंधारात का जातो? मला आधी तो निष्काळजीपणा वाटला होता. विमान उतरायचं तर साधारणपणे मनोऱ्यात माणूस लागतो, अग्निशमन दल तयार लागतं. विमानाच्या लांबीरुंदीवरून अग्निशमनाची श्रेणी ठरते. सुमारे २७ मीटर लांबीचं एटीआर ७२ दहा श्रेणींपैकी पाचव्या श्रेणीत मोडतं, आणि श्रेणीनुसार लागणारी गाडी, पाणी, फेस आणि माणसं असल्याशिवाय नियमित प्रवासी विमान सहसा उतरवत नाहीत. एका उशिरा आलेल्या विमानासाठी हे सगळे लोक आपली पाळी संपल्यावरही थांबलेले असतात. विमान उभं राहिलं की तेही घरी जायला निघतात. आमच्यासाठी तेवढं झालं होतं. त्यांनी आणखी काय करावं?

विमान कंपनीची जबाबदारी कुठे संपते हेही मी या निमित्ताने वाचून काढलं. आंतरराष्ट्रीय प्रवासाला लागू असलेला १९९९ चा माँट्रियल करार कलम १९ मध्ये उशिरामुळे झालेल्या नुकसानीची जबाबदारी कंपनीवर टाकतो, पण शक्य ती सगळी काळजी घेतली होती असं कंपनीने दाखवलं तर तिची सुटका होते. उशिरामुळे जास्तीचं भाडं मोजावं लागलं असेल तर पावती जपून ठेवायला हवी, एवढा धडा त्यातून मिळतो. युरोपीय संघाचा २००४ चा २६१ क्रमांकाचा नियम एका वेगळ्या प्रसंगी जास्त स्पष्ट आहे: विमान त्याच शहराच्या दुसऱ्या विमानतळावर उतरवलं तर ठरलेल्या विमानतळापर्यंत किंवा प्रवाशाशी ठरवलेल्या जवळच्या ठिकाणापर्यंत नेण्याचा खर्च कंपनीचा. व्हिएन्नाहून बर्लिनला निघालेलं एक विमान तिथल्या टेगेल विमानतळाऐवजी शोनेफेल्ड या दुसऱ्या विमानतळावर उतरलं होतं. त्या प्रकरणात संघाच्या न्यायालयाने २२ एप्रिल २०२१ रोजी असंही म्हटलं की हा खर्च देण्याची तयारी कंपनीने स्वतःहून दाखवायला हवी, प्रवाशाने मागायची वाट पाहू नये. ठरलेल्याच विमानतळावर तासभर उशिरा उतरून बस चुकली तर मात्र रात्री सव्वाअकराला हे कायदे गाडी उभी करत नाहीत. ते काम प्रवाशाचंच.

आणि ते काम करण्याची वेळ माझ्याकडे होती. ८:०५ ला उशीर फलकावर आला, त्याच क्षणी आमची बस चुकली होती. पोहोचण्याची नवी वेळ पावणेअकरा, बस सव्वादहाची, साधी वजाबाकी. विमानात शिरेपर्यंत मला ऐंशी मिनिटं मिळाली. फोन चार्ज होत होता, नेटवर्क पूर्ण होतं. भोवती साठ माणसं बसली होती आणि ती सगळी त्याच विमानतळावर, त्याच वेळी, त्याच अंधारात उतरणार होती. त्यांच्यातल्या एकाला जरी विचारलं असतं, "तुम्हाला घ्यायला कुणी येतंय का? गाडीत दोन जागा आहेत का?", तरी प्रश्न सुटला असता. मी खोलीवाल्यांना फोन करून उशीर होईल एवढं कळवलं आणि काकांशी गप्पा मारत बसले. बस थांबेल, असं मनात धरून.

परतीचा प्रवास

तीन दिवसांनी परत निघायचं होतं. दुपारचं विमान त्या वारी नव्हतंच. प्रादेशिक मार्गावर काही फेऱ्या आठवड्यातले ठरावीक दिवसच असतात. उरलं सकाळी ६:३० चं. इथे एक गोष्ट आमच्या बाजूने होती. रात्री ९:४० ला येणारं विमान तिथेच मुक्कामाला राहतं आणि तेच सकाळी निघतं. दिवसाची पहिली फेरी, मागून येणारा उशीर नाही. हवा बरी असली की असं विमान बहुधा वेळेवर सुटतं.

पण रस्त्याची बाजू आणखी बिकट होती. गावातून पहिली बस सकाळी सहाची, विमानतळावर सातला. आमच्या काहीच उपयोगाची नाही. सामान घेणारी खिडकी ५:४५ ला बंद होणार. म्हणजे गावातून पहाटे सव्वाचारला गाडी हवी. आणि फार लवकर पोहोचूनही चालणार नव्हतं. मी या वेळी आधी फोन करून विचारलं: दार पाचला उघडतं, त्याआधी आत घेत नाहीत. पहाटे चारला जाऊन पुन्हा त्याच कट्ट्यावर काकांना बसवायची माझी तयारी नव्हती. बरेच मोठे विमानतळ रात्रभर उघडे असतात म्हणून आपण हे विचारतच नाही.

गावातल्या दोन टॅक्सीवाल्यांना विचारलं. दोघांनीही जवळजवळ दुप्पट भाडं सांगितलं. पहिल्या क्षणी वाटलं, अडलेल्याला नाडतात. मग मी त्यातल्या एकालाच विचारलं की असं का. तो म्हणाला, "ताई, पहाटे तुम्हाला सोडलं की तिथून परत येताना भाडं नाही. विमान येतं दुपारी. गाडी खाली आणावी लागते." म्हणजे तो ७६ किलोमीटर चालवणार आणि पैसे मिळणार ३८ चे. ॲपवर भाडं रद्द करणाऱ्याचं कोडं इथे सुटलं. त्याला उलट दिशेने रिकामं यायचं होतं, आणि ॲपने ठरवलेल्या भाड्यात रिकाम्या फेरीचे पैसे धरलेले नव्हते. विमानतळाच्या टॅक्सीचं भाडं अंतरावर ठरतं असं आपण समजतो. छोट्या विमानतळावर ते ठरतं गाडी एका बाजूला रिकामी जाणार की नाही यावर.

हे कळल्यावर मला त्या रात्रीचे टॅक्सीवाले दादा आठवले. ते राहतात विमानतळाजवळच्या खेड्यात आणि दिवसभर भाडी मारायला गावात येतात. संध्याकाळी त्यांना तसंही घरी जायचंच असतं. त्यांना फोन केला. "दादा, परवा संध्याकाळी घरी किती वाजता निघता?" सातच्या सुमाराला, ते म्हणाले. त्यांच्या खेड्यात एक छोटं अतिथीगृह आहे, तळमजल्यावर खोली मिळेल, हेही त्यांनीच सांगितलं. म्हणजे निघायच्या आदल्या संध्याकाळी त्यांच्याबरोबर खेड्यापर्यंत जायचं, रात्री तिथे राहायचं, पहाटे फक्त ६ किलोमीटर. जाताना त्यांची गाडी एरवी रिकामी गेली असती, म्हणून भाडं एका बाजूचंच. पहाटे त्यांना घराच्या दारातून निघायचं, म्हणून त्याचेही त्यांनी अवाच्या सवा सांगितले नाहीत. गावातल्या दुप्पट भाड्यापेक्षा हे दोन्ही मिळून कमी झालं. खोलीचे पैसे धरले तर थोडं जास्त. पण काकांची झोप पावणेतीनऐवजी सव्वाचारला मोडली, आणि माझ्या दृष्टीने तो सौदा फायद्याचा होता.

काकांना आधी हे पसंत नव्हतं. "एका रात्रीसाठी कशाला बिऱ्हाड हलवायचं?" असं ते दोनदा म्हणाले. मी त्यांना वेळा लिहिलेला कागद दाखवला. त्यांनी पेन घेतलं, पहाटे सव्वाचारच्या ओळीपुढे "गाडी आली नाही तर?" असं लिहिलं आणि कागद परत दिला. प्रश्न अगदी बरोबर होता. गावातून बोलावलेली गाडी आली नाही तर ३८ किलोमीटरचा दुसरा कुठलाच उपाय नव्हता. खेड्यातून ६ किलोमीटरसाठी अतिथीगृहवाल्याची गाडी होती, शेजारी होते, फोन केला तर पहारेकरीही होता. मग तेच म्हणाले, "चल, हलवू बिऱ्हाड."

व्हीलचेअरचीही गोष्ट मी नीट केली. विमान कंपन्या या मदतीसाठी जगभर सारख्या खुणा वापरतात. डब्ल्यूसीएचआर म्हणजे लांब चालवत नाही, पण पायऱ्या चढता-उतरता येतात. डब्ल्यूसीएचएस म्हणजे पायऱ्याही जमत नाहीत. डब्ल्यूसीएचसी म्हणजे विमानातल्या जागेपर्यंतही चालता येत नाही. येताना मी काळजीपोटी मधली खूण निवडली होती. काका काठी आणि कठडा धरून पाच-सहा पायऱ्या उतरतात. डॉक्टरांनी तपासताना उलट तेवढं चालायलाच सांगितलं होतं. म्हणून परतीला पहिली खूण दिली, आणि ती फक्त जिथे उतरायचं त्या मोठ्या विमानतळासाठी ठेवली. छोट्या विमानतळावर दारापासून विमानापर्यंतची शंभर पावलं काका स्वतः चालणार होते. जागा घेतल्या शेवटून दुसऱ्या रांगेत, दाराजवळ. ज्याला खरंच पायऱ्या जमत नाहीत त्याने मात्र दुसरी किंवा तिसरीच खूण द्यावी. गाडी निसटेल म्हणून मदत कमी मागू नये. त्याने गाडी आधी ठरवावी आणि चालकाला सांगून ठेवावं की आम्ही सगळ्यात शेवटी बाहेर येऊ.

पलीकडच्या बाजूला आम्हाला घ्यायला माझा मामेभाऊ येणार होता. त्याला मी पोहोचण्याची वेळ दिलीच नाही, विमानाचा क्रमांक दिला आणि म्हटलं, "घड्याळाकडे नको बघूस, हा क्रमांक बघ. आणि दार बंद होताना मी फोन करीन, तेव्हा घरून नीघ." वेळ सांगितली की माणूस त्या वेळेला येऊन उभा राहतो आणि विमान उशिरा आलं की तिष्ठतो, किंवा कंटाळून निघून जातो. क्रमांक दिला की त्याचं येणं विमानाला बांधलं जातं. येताना बसने जे केलं नव्हतं ते भावाने केलं.

पहाटे ४:४० ला टॅक्सी अतिथीगृहाच्या दारात होती. धुकं होतं, पण समोरचं झाड दिसत होतं. ५:०२ ला आम्ही विमानतळावर पोहोचलो. दार नुकतंच उघडलं होतं आणि तोच पहारेकरी उभा होता. काकांनी त्याला ओळखलं, काठी डाव्या हातात घेतली आणि उजवा हात पुढे केला. "त्या रात्री नाव विचारायचं राहून गेलं," ते म्हणाले. दोघं थोडा वेळ बोलत उभे राहिले; मी सामानाच्या खिडकीवर गेले. निघताना पहारेकऱ्याने वहीतून आणखी दोन टॅक्सींचे क्रमांक मला उतरवून दिले. आता माझ्या फोनमध्ये त्या विमानतळाच्या नावाखाली तीन क्रमांक आहेत. त्या बाजूला जाणाऱ्या ओळखीच्या माणसाला मी तिकीट काढण्याआधीच ते पाठवते.

विमान ६:३४ ला हललं. उतरताना दार उघडलं तेव्हा काका दारापासून दोन पावलांवर होते. त्यांनी कठडा धरला, एकेक पायरी मोजत उतरले आणि खाली खुर्ची घेऊन उभ्या असलेल्या मुलीला म्हणाले, "चला, बाहेर गाडी उभी असेल."